कटिंग कुणाचे?

शिवणयंत्र असलेल्या घराचे दार दुपारी फार वेळ बंद राहत नाही. एखादीला चौदा नंबरची सुई हवी असते, एखादीचे हूक ऐन वेळी संपलेले असतात, कुणाला गर्द जांभळा दोरा हातभरच लागणार असतो आणि तेवढ्यासाठी बाजारात जायचा कंटाळा असतो. "एवढी एक टीप घालून देता का?" म्हणत आलेली शेजारीण तास-दीड तास बसते आणि जाताना स्वतःची कात्री विसरून जाते. अशी देवघेव वर्षानुवर्षे चालते. तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. सुईदोऱ्यावरून शेजारणींचे बिनसल्याचे सहसा ऐकू येत नाही. बिनसते ते कटिंगवरून. जुन्या वर्तमानपत्रावर पेन्सिलीने आखून कापलेले ते चार तुकडे. रद्दीवाला त्यांचे काहीही देणार नाही. पण भिलाईच्या एका सेक्टरमध्ये भरणाऱ्या शिवणमंडळात याच चार तुकड्यांवरून जे घडले ते सांगण्याजोगे आहे.

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला. करार १९५५ साली झाला, पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसे नोकरीसाठी तिथे येऊन राहिली. नागपूर रेल्वेने काही तासांवर, त्यामुळे मराठी घरे पुष्कळ. एकाच जिन्यात खाली मराठी, समोर बंगाली, वर पंजाबी आणि त्यांच्या शेजारी मल्याळी, याचे तिथे कुणाला नवल वाटत नाही. पुरुषांची ओळख कारखान्यात होते, मुलांची शाळेत. बायकांची ओळख व्हायच्या जागा त्या मानाने कमी. या सेक्टरमध्ये ती शिवणामुळे झाली.

मंडळ म्हणायचे ते नुसते बोलण्यापुरते. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, फलक नाही. दर बुधवारी साडेअकरा ते दीड, म्हणजे पहिल्या पाळीची माणसे घरी यायच्या आत, एका मराठी काकूंच्या बाहेरच्या खोलीत दहा-बारा जणी जमतात. काकूंचेच घर का, तर त्यांच्याकडे जेवणाचे मोठे टेबल आहे. कापड कापायला टेबलासारखे दुसरे सुख नाही. जमिनीवर ओणवे होऊन सलवारीचे कापड कापणारीच्या कमरेला विचारावे!

यंत्रे तऱ्हेतऱ्हेची. कुणाचे लग्नात मिळालेले पायाचे 'उषा', कुणाचे 'मेरिट', पंजाबी भाभीजींचे लुधियानाहून रेल्वेने आलेले, एकीचे हाताने फिरवायचे. गांधीजी यंत्रांच्या वेडाविरुद्ध बोलत आणि लिहीत. पण १९२४ मधल्या एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केले होते. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते घडवले, अशी त्यांची समजूत होती. सिंगरच्या संसारांची हकीकत ज्यांनी वाचली आहे त्यांना ही समजूत जरा गोडच वाटेल. अपवाद मात्र योग्य होता.

यंत्राचे आजार काकू ओळखतात. शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होत असेल तर बायका बॉबिन काढून तिच्याशी झटापट करत बसतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्याच्या ताणात असतो. टाके सुटत असतील तर आधी सुई बदलावी, मग मिस्त्रीला बोलवावे. पायाच्या यंत्राचा चामडी पट्टा सैल झाला तर थोडा कापून पुन्हा तार अडकवली की काम होते. आणि यंत्रात खोबरेल कधी घालू नये. ते थंडीत थिजते, राहिलेले चिकट होते आणि मग चाक फिरवायला पैलवान लागतो. तेल शिवणयंत्राचेच हवे आणि ते घातल्यावर आधी चिंधीवर शिवून पाहावे. नाहीतर पहिला डाग नव्या कापडावरच पडायचा.

काकूंच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. तो सगळ्यांचा. त्यात कंगोरे पाडणारी कात्री, खुणा उतरवायचे दातेरी चाक, कार्बन पेपर, मुंढ्याचा आणि गळ्याचा गोल आखायची लाकडी पट्टी, चेन लावताना यंत्राला बसवायचा अरुंद पाय अशा, एकेकीने विकत घेतल्या तर वर्षातून दोनदाच वापरल्या जातील अशा वस्तू. ज्या घरी डबा गेला तिथून तो पुढच्या बुधवारी परत आलाच पाहिजे. कापड कापायची कात्री मात्र या डब्यात नाही, ती ज्याची त्याची. तिने कागद कापला तर धार जाते, हे घरातल्या पुरुषांना आणि मुलांना कितीही सांगितले तरी पटत नाही. एका बाईने आपली कात्री डाळीच्या डब्यात लपवून ठेवली होती. लेकाने ती तिथूनही शोधून काढली, पतंगाच्या कागदासाठी.

वस्तूंपेक्षा तिथे विद्या अधिक फिरते. चुडीदार ही साध्या सलवारीची अरुंद बहीण, असे मराठी बायका समजत होत्या. त्यांचे पायजमे गुडघ्यात अडकत आणि बसले की उसवत. लखनौकडच्या एका वहिनींनी कापडाची आधी तिरकी पिशवी शिवून मग त्यातून उरेब पाय कापायला शिकवले. धागा तिरका आला की कापड ताणले जाते, पायाला चिकटते आणि घोट्याशी चुण्या आपोआप पडतात. पंजाबी भाभीजींनी पटियाला सलवार दाखवली. तिला साध्या सलवारीच्या जवळपास दीड-दोनपट कापड लागते हे ऐकून काटकसरी मंडळी आधी मागे सरली, पण पट्ट्याखाली चुण्या कशा बसवतात ते पाहून घेतलेच. बंगाली बौदींनी कांथा आणला. जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायचे, आणि पूर्वी तर त्यासाठी दोरेही साड्यांच्या काठांतूनच उसवून घेत. "ही तर आमची गोधडी!" असे दोघी-तिघी एकदम म्हणाल्या. बौदींना ते फारसे रुचले नसावे. कांथ्यावर मासे, कमळे, हत्ती असतात. पण पुढच्या बुधवारी काकूंनी आजेसासूबाईंची वाकळ आणून पसरली तेव्हा बौदी बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत बसल्या.

मराठी बायकांकडून गेली ती कुंची. तान्ह्या बाळाचे डोके, कान आणि पाठ एकदम झाकणारे हे वस्त्र केरळच्या चेचींनी आधी कधी पाहिले नव्हते. भिलाईच्या डिसेंबरातल्या पहाटे पाहून त्यांनी नातवासाठी दोन शिवल्या. शाळेच्या गणवेशाची युक्ती तर कुणा एकीची नाही. फ्रॉकची खालची दुमड चार बोटे ठेवायची आणि दर वर्षी उसवून थोडी थोडी खाली सोडायची. जुन्या दुमडीची रेघ दिसते म्हणून तिच्यावर नागमोडी फीत शिवायची. दोन वर्षांत तीन फिती चढलेला फ्रॉक पाहिला की मूल किती वाढले ते मोजपट्टीशिवाय कळते.

आणि कटिंगे. काकूंच्या पलंगाखाली एक जुनी सुटकेस आहे. तिच्यात खाकी पाकिटे. प्रत्येकावर लिहिलेले: 'फ्रॉक, वय ४', 'पोलके', 'झबले', 'सलवार, आसन मोठे'. हवे ते पाकीट न्यावे, कागद दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यावा, मूळ परत ठेवावे. मापानुसार लहान-मोठी कागदी कटिंगे विकायची कल्पना अमेरिकेत बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली धंद्यात आणली आणि त्याचे नाव झाले. आपल्याकडे मात्र कटिंग हे लोणच्याच्या कृतीसारखे एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले, विकत घ्यायची वस्तू असे कुणाला वाटलेच नाही. पुढचा तंटा इथूनच उगवला.

मंडळात येणाऱ्यांत एक जण सेक्टरमधली नव्हती. कॅम्प भागातून ती सायकलवर येई. तिला सगळ्या दीदी म्हणत. नवरा ठेकेदाराकडे कामाला होता. पाठीचे दुखणे जडल्यावर कधी काम असे, कधी नसे. दोन मुले शाळेत. घर दीदीच्या ब्लाउजांवर चाले. तिच्या कटोरी ब्लाउजाची सर सेक्टरमधल्या कुठल्याही दुकानाला नव्हती. खांद्यावरून घसरत नाही, काखेत चुणी नाही, हात वर केला तरी पट्टी वर सरकत नाही. ब्लाउज न्यायला-द्यायला ती येई तेव्हा काकूंनीच तिला एकदा म्हटले, "बुधवारी येत जा, दोन घटका बसत जा." ती येऊ लागली. काजे कशी करावीत, रेशमाला अकरा नंबरची सुई का लावावी, अस्तर आधी भिजवून मगच का कापावे, असे विचारतील ते मोकळेपणाने सांगू लागली.

एका बुधवारी सुटकेस उघडी असताना कुणीतरी सहज म्हणाले, "दीदी, यात तुमचं कटोरीचं कटिंग नाही."

दीदी जरा थांबली. बाकीच्या तिच्याकडे पाहत होत्या. सगळ्यांनी आपापले दिलेले होते. "आणीन," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिने छत्तीस छातीचे कटिंग आणून दिले. तीन-चार दिवसांत ते सात घरांत उतरले गेले.

एका वहिनीच्या धाकट्या बहिणीचे लग्न होते. तिने त्या कटिंगवरून बनारसी साडीचा ब्लाउज कापला. शिवून अंगात घातला तर समोरची दोन टोके एकमेकांची तोंडेही पाहीनात. दुसरे कापड मिळण्यासारखे नव्हते, ते साडीबरोबर विणून आलेले. आणखी दोघींचे साधे ब्लाउज असेच बिघडले. मग कुजबूज सुरू झाली. 'द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं. मुद्दाम लहान कापून कशाला द्यायचं?' दीदीच्या कानावर ते गेले असावे. पुढचे तीन बुधवार ती आली नाही.

काकू शेवटी रिक्षा करून कॅम्पमध्ये गेल्या. दीदी यंत्रावर होती. पाट पुढे करून तिने काम थांबवले नाही.

"त्यात माया धरली नव्हती का?" काकूंनी विचारले.

शिवणीसाठी कडेने जादा सोडलेल्या कापडाला मराठीत माया म्हणतात. बायका घरी कटिंग करतात तेव्हा अर्धा इंच माया कागदातच धरतात. म्हणजे कागद ठेवायचा आणि कडेकडेने कापायचे. धंद्याने शिवणारी पुष्कळ माणसे तसे करत नाहीत. त्यांचा कागद निव्वळ मापाचा असतो, माया ते कापडावर खडूने सोडतात. एका शिवणीत दोन्ही बाजूंचा मिळून इंच जातो. बाजूच्या दोन शिवणी आणि कटोऱ्यांच्या दोन धरल्या तर छातीत चार इंचांचा फरक पडतो. छत्तीसचा ब्लाउज बत्तीसचा होतो.

"आम्ही कागदावर माया धरतच नाही, काकू," दीदी म्हणाली. "गिऱ्हाईक बघून सोडतो. लेकुरवाळी असली की जास्त, अंग बारीक असलं की कमी. मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल. कुणी विचारलं नाही." मग यंत्राचे चाक हाताने थांबवून ती म्हणाली, "आणि एक सांगू? गेल्या महिन्यात तुमच्या सेक्टरातून दोन ब्लाउज आले. आधी बारा-पंधरा यायचे. हे कुणाच्या लक्षात आलं का?"

काकूंच्या आले नव्हते. त्यांचा स्वतःचाही ब्लाउज त्या महिन्यात घरीच शिवलेला होता, त्याच कटिंगवरून. शिवणाची जाण असल्यामुळे त्यांनी न सांगता माया सोडली होती आणि तो उत्तम बसला होता. त्या कौतुकात त्यांना दीदीची आठवण झाली ती वेगळ्याच अर्थाने.

इथे कुणाचे चुकले हे ठरवणे सोपे नाही. सेक्टरमधल्या बायकांना दीदीची भाकरी काढून घ्यायची नव्हती. त्यांच्या लेखी कटिंग देणे म्हणजे वाटीभर साखर देणे. आपल्याकडे आहे, शेजारणीला दिले, उद्या आपल्याला लागले तर ती देईल. पण ज्यांच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येतो त्यांनाच हे परवडते. फ्रॉकचे कटिंग देणारीच्या घरातून काही जात नाही. दीदीने दिले ते तिचे गिऱ्हाईक होते. दहा जणींसमोर तिला 'नाही' म्हणता आले नाही, कारण त्या दहा जणींनी तिला खुर्ची दिली होती, चहा दिला होता, आपल्यातली मानली होती. आपलेपणाची ही अशी एक अडचण असते. गिऱ्हाइकाशी घासाघीस करता येते, मैत्रिणीशी कशी करणार?

उलट बाजूही खरी आहे. आजकाल मोबाईलवर कटोरीच्या कटिंगचे व्हिडिओ हवे तितके पाहायला मिळतात. दीदीने नाही म्हटले असते तरी आज ना उद्या बायकांनी ते कुठून तरी शिकून घेतलेच असते. पण व्हिडिओतली बाई कापते ती तिच्यासमोर असलेल्या मापाचे. एक खांदा किंचित उतरता आहे, पाठ थोडी वाकली आहे, तेव्हा मुंढ्यात चिमूट कुठे घ्यायची, हे समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहणाऱ्या डोळ्यांनाच कळते. दीदीची विद्या त्या कागदात जेमतेम निम्मी होती. उरलेली निम्मी तिलाही कागदावर उतरवता आली नसती.

बनारसी ब्लाउज दीदीनेच दुरुस्त केला. साडीचे आत खोचायचे टोक निऱ्यांच्या आत जाते, कधी दिसत नाही. तिथून तिने वीतभर पट्टी कापून घेतली. ब्लाउज बाजूंना उसवला, काखेपासून कमरेपर्यंत दोन्हीकडे दोन-दोन इंचांची कळी घातली आणि अस्तर नव्याने लावले. रंग तोच, वीण तीच. हात खाली असला की जोड कुणाला दिसला नसता. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने तो आणून दिला आणि पूर्ण शिलाई मागून घेतली. वर अस्तराचे पैसे वेगळे. वहिनी जरा चमकली. तिला वाटले होते, दीदी काही घेणार नाही. दीदीने नोट घडी करून कमरेला खोचली, हसून मुलीला आशीर्वाद दिला आणि सायकलवर बसून गेली. तिने पैसे घेतले नसते तर सगळ्यांना हायसे वाटले असते आणि सगळे होते तसेच राहिले असते.

त्यानंतरच्या बुधवारी बोलणे झाले, बरेच आडवळणाने. ठराव वगैरे काही झाला नाही. पण दोन गोष्टी आपोआप रूढ झाल्या. कटोरी शिकायची असेल त्यांनी दीदीकडे फी देऊन शिकावी, चार बैठका, आपापले कापड आणावे. पाच जणी शिकल्या. त्यांतल्या तिघींनी चौथ्या बैठकीनंतर ठरवले की रोजचे ब्लाउज घरी शिवू, पण लग्नकार्यातले दीदीकडेच देऊ. कटोरी उरेब कापताना कापड किती वाया जाते आणि घाम किती निघतो, हे त्यांना आता कळले होते. दुसरे असे, की एखादीला काही हवे असेल तर सर्वांसमोर मागायचे नाही, एकटीला गाठून विचारायचे. म्हणजे 'नाही' म्हणायची सोय राहते.

दीदी पुन्हा येऊ लागली. पूर्वीइतकी नाही, महिन्यातून एक-दोनदा. हातात काम घेऊनच येते आणि बोलता बोलता हेम घालत असते. बनारसीवाली वहिनी तिच्याशी बोलते, पण ब्लाउज दुसरीकडे टाकते. हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

काकूंनी मात्र सुटकेसमधली सगळी पाकिटे बाहेर काढून दोन दुपारी खपून प्रत्येकावर नवे लिहिले. फ्रॉक, वय ४: माया धरलेली, अर्धा इंच. पोलके: बाजूंना धरलेली, गळ्याला नाही. सलवार: धरलेली नाही. कटोरीच्या पाकिटातला कागद दीदीने परत मागितला नव्हता, पण काकूंनी तो तिला देऊन टाकला. पाकीट रिकामेच सुटकेसमध्ये आहे. त्यावर दीदीचा फोन नंबर आहे आणि खाली तिच्याच अक्षरात दर लिहिले आहेत: साधा, अस्तराचा, कटोरी. दिवाळीआधी पंधरा दिवस नवे काम घेतले जाणार नाही.